कहकशां कुणाशेजारी बसते

सोमवार, २ जुलै २०१८. लातूर

सकाळी सहाच्या बसने नांदेड सोडलं. अहमदपूरला चहा घेतला. साडेदहाला लातूर. रिक्षावाल्याने शिकवण्यांच्या भागातून आणलं. दोन्ही बाजूंना पास झालेल्या मुलामुलींचे घराएवढे फोटो.

खोली मनासारखी मिळाली. चार खोल्या एका ओळीत, वर पत्रे, पुढे नळ. तीन खोल्यांत मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या मुली, चौथी माझी. घरमालक मलप्पा आणि शांतम्मा मावशी समोर राहतात. भूकंपात त्यांचं गाव गेलं, तेव्हापासून ते लातुरात आहेत. स्लॅब का टाकला नाही असं विचारलं तर मलप्पा म्हणाले, ऐपत हाय, हिंमत न्हाई. मावशींनी माझं नाव ऐकून एवढंच सांगितलं की खोलीत अंडं-मटण चालायचं न्हाई, बाकी नमाज पड न्हाई तर झोप, आमाला काय. डबा त्याच देणार आहेत.

नोकरी उद्यापासून. एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात शिकवणीच्या मुलांमधल्या खाण्याच्या विकारांवर संशोधन चालू आहे. मला मुलाखती घ्यायच्या, फॉर्म भरायचे. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं, त्याचा पहिल्यांदा उपयोग. पत्र्यावर चिमण्या उड्या मारत होत्या, त्याचा आवाज ऐकत बसले. आठ महिन्यांनी आज बरं वाटलं.

गुरुवार, ५ जुलै

तीन दिवस प्रशिक्षण. प्रमुख डॉक्टर पंचशीला मॅडम नांदेडच्याच. पांढरी साडी, आवाज मोठा, डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाटतात.

नियम लिहून ठेवते. वजन करताना मुलीला काट्याकडे पाठ करून उभं करायचं. आकडा मोठ्याने बोलायचा नाही. ‘बारीक झालीस’ नाही, ‘भरलीस’ही नाही. जेवणाला मुलीशेजारी बसायचं आणि तेच आपणही खायचं. फॉर्ममध्ये नावाऐवजी क्रमांक.

चौदावा प्रश्न मॅडमच्या आवडीचा आहे. न खाण्याबद्दल आतून कोण बोलतं? कसं दिसतं? मॅडम म्हणाल्या, आजार वेगळा आणि पोरगी वेगळी. पोरीला तो आजार समोर बसवून बघता आला की त्याच्याशी भांडता येतं.

कारणं विचारली तर म्हणाल्या, एक कारण शोधू नकोस. स्वभाव असतो, घर असतं, परीक्षा असते, आणि उपाशी मेंदूला पुढे उपासच खरा वाटायला लागतो. शिवाय आपल्याकडे उपाशी राहणाऱ्याचं कौतुक फार. चतुर्थी, गुरुवार, नवरात्र, रोजे. पोरगी मरायला लागते आणि आई शेजारणीला सांगते, लई श्रद्धा हाय हो आमच्या बाळीची.



रविवार, ८ जुलै

लिहायला हवं. माझी धाकटी बहीण कहकशां याच भागात, दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. नीटचं दुसरं वर्ष होतं. सुटलेले रोजे पुरे करते म्हणायची. रमजान संपून चार महिने झाले होते, तरी अम्मी कौतुकानेच सांगायची. नोव्हेंबरात शिकवणीच्या जिन्यावर पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं.

घरी आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. सुटीत आली की ताट माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, ‘खाने को आपा हय ना.’ आपा म्हणजे मी, थोरली. मी खायचे. तिचं मी खाते हे अम्मीला कधी सांगितलं नाही. दोघींचं गुपित होतं, मला ते आवडायचं.

मॅडमना यातलं काही सांगितलेलं नाही.

सोमवार, १६ जुलै

आज क्रमांक ल-४ ची मुलाखत. उदगीरची मुलगी. चौदाव्या प्रश्नाला म्हणाली, एक पोरगी उजवीकडे बसते. ओली वेणी पुढे घेऊन तिचं टोक दातात धरते. हसताना हात तोंडावर.

कहकशां वेणीचं टोक चावायची. पण अशा मुली पुष्कळ असतील. फॉर्म भरला, ठेवून दिला.

मंगळवार, २४ जुलै

देवणीचा विरूपाक्ष आला. मुलगे या आजारात नसतात असं त्याच्या वडिलांना वाटत होतं. मुलगा लाजत होता. खाली बघत म्हणाला, पोरगीच बसती, उजव्या बाजूला. केस ओले. हिंदीत बोलती. काय बोलते विचारलं. त्याने तिचा सूर काढून सांगितलं, ‘खाने को आपा हय ना, तू रख दे.’

पेन खाली पडलं. विरूपाक्षने उचलून दिलं आणि विचारलं, आपा म्हंजे कोण?

बुधवार, २५ जुलै

भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. आठ महिने मी तिच्या उशीवर डोकं ठेवून झोपले. मला स्वप्नातही आली नाही. आणि या देवणीच्या पोराजवळ, ज्याला तिचं नावसुद्धा माहीत नाही, त्याच्याजवळ रोज दोन वेळा बसते.

सोमवार, ६ ऑगस्ट

महामाया भरती झाली. लोह्याकडची, सतरा वर्षांची. आई सोबत राहते. दुपारी तिच्याशेजारी जेवायला बसायचं काम मला दिलं. मी डावीकडे बसले. ती सारखी उजवीकडे बघून हसत होती. आई म्हणाली, बघा की मॅडम, आमच्याशी बोलायला हिचं तोंड उघडत न्हाई, अन् भिंतीशी बोलून राहिली.

शुक्रवार, १० ऑगस्ट

आई कपडे धुवायला गेली तेव्हा विचारलं, उजवीकडे कोण बसतं? महामायाने सगळं सांगितलं. म्हणाली, त्या पोरीच्या अब्बाचं सायकलचं दुकान हाय. त्यांच्या बकरीनं एकदा फिजिक्सचं पुस्तक खाल्लं होतं.

ही बकरीची गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही.

मग मी विचारलं, आपाबद्दल काय सांगते? महामाया तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली, आपा लई खाती म्हणती.

मीही हसले. घरी येऊन डबा उघडला आणि बंद केला.

बुधवार, २२ ऑगस्ट

बकरी ईद. नांदेडला गेले नाही. अम्मी फोनवर रडली. मी महामायाच्या जेवणाला हजर होते. सुटी असून आले म्हणून तिची आई पाया पडायला लागली. तिला काय सांगू? माझं सगळं लक्ष उजवीकडच्या रिकाम्या जागेवर असतं.

ठरवलं आहे, महामायाला जेवायला लावायचं. शेवटच्या घासापर्यंत. ती जेवली की कहकशांला तिथे बसायचं कारण उरणार नाही.

गुरुवार, ३० ऑगस्ट

महामाया जेवते आहे. मी उठत नाही, रागावत नाही, घास संपेपर्यंत बसून राहते. ती रडते, मी बसते. वजन वाढतं आहे. मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. म्हणाल्या, सदफसारखा धीर पाहिजे.

हा धीर नाही.

सोमवार, ३ सप्टेंबर

मॅडमनी बोलावलं. टेबलावर सगळे फॉर्म मांडले होते. बाकीच्यांनी घेतलेल्या मुलाखतींत चौदाव्या प्रश्नाला कुणाची काळी बाई, कुणाचे सर, कुणाची मावसबहीण. माझ्या सगळ्या फॉर्मांत एकच पोरगी, ओल्या वेणीची. मॅडम म्हणाल्या, नकळत तू उत्तर सुचवतेस. माझ्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकलं. मी काहीच सुचवलेलं नव्हतं. तरी म्हणाल्या, माणूस गप्प राहूनही सुचवतो, आता मुलाखती बंद, फक्त जेवणाला बस. मग हळूच विचारलं, घरात कुणी गेलंय का?

नाही म्हणाले.

येताना सरळ हिशोब लागला. मी जिथे जाते तिथेच ती दिसते. म्हणजे ती माझ्याबरोबरच येते. नांदेडहून बसमध्येही माझ्याबरोबरच असेल. फक्त बसते दुसऱ्यांशेजारी.

मंगळवार, ११ सप्टेंबर

महामायाने पूर्ण ताट संपवलं. आई पदराने डोळे पुसत होती. मी वाकून विचारलं, ती आहे का? महामाया म्हणाली, उठली. कुठे गेली? ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, तुमच्या मागंच हाय की. तुम्हाला दिसत न्हाई?

वळून पाहिलं. खाटा, सलाईनचा स्टँड, खिडकी.

शनिवार, १५ सप्टेंबर

महामाया घरी गेली. आईने पेढे दिले. गल्लीत गणपतीचे ढोल. पेढे टेबलावर आहेत.

तिला पाहिलेले सगळे उपाशी होते. मी जेवते. आपा लई खाती.

बुधवार, १९ सप्टेंबर

दोन दिवस डबा तसाच ठेवला. महामाया आता जेवते, म्हणजे तिलाही कहकशां दिसत नसेल. मला बरं वाटलं. कुणालाच दिसू नये. मग मला दिसेल.

शुक्रवार, २१ सप्टेंबर

मोहरमची दहावी तारीख. मॅडमनी विचारलं, जेवत का नाहीस. रोजा आहे म्हणाले. म्हणाल्या, अगं मग उन्हात कशाला फिरतेस, घरी जा. रुग्णालयाच्या गाडीने सोडलं.

किती सोपं आहे. कहकशांलाही इतकं सोपं गेलं असेल.

सोमवार, २४ सप्टेंबर

उजवीकडे काहीतरी आहे. बघितलं की नसतं.

शांतम्मा मावशींनी भरलेला डबा पाहिला. शिव्या दिल्या नाहीत, उंबऱ्यात बसल्या. भूकंपानंतर छावणीत ट्रकांनी भाकऱ्या यायच्या म्हणाल्या. त्यांच्या जावेने एक तोंडात घातली नाही. मेलेल्या लेकरासंगं जेवून राहिले म्हणायची, ताट मात्र भरलेलं. मग काय झालं विचारलं. मावशी म्हणाल्या, काय व्हायचं, दवाखान्यात न्हेली, नळीनं पोटात घातलं, जगली. अजून शिव्या देती आमाला, माझं लेकरू तोडलं म्हणती. देऊ दे. शिव्या द्यायला हाय तर खरी.

मग भाकरी कुस्करली आणि म्हणाल्या, आता तू खा, मी बसते हितंच, मला घाई न्हाई. खावी लागली. गोड लागली.

त्या जावेचा मत्सर वाटला. तिचं लेकरू तिच्याकडेच यायचं.

मंगळवार, २५ सप्टेंबर

आज काहीच नाही. उजवी बाजू रिकामी. कालच्या भाकरीमुळे. रागावली—

गुरुवार, २७ सप्टेंबर

जिना चढताना बसावं लागलं. पायऱ्या— तिला असंच झालं असेल. मॅडमनी खाली येऊन हात धरला, नाडी बघितली. मग म्हणाल्या, दहावी होऊन आठवडा झाला सदफ, आज कसला रोजा? सोमवारी सकाळी ये, रक्त तपासू, तुझाच फॉर्म भरू, गरज पडली तर ठेवून घेईन. आजार वेगळा, सदफ वेगळी. कळतंय का, पोरी?

कळतं. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न येईल. तिचं वर्णन करायचं, समोर बसवायचं, भांडायचं, घालवायचं. महामायाचं मी केलं तेच.

सोमवारच्या आत ती मला दिसायला हवी.

शनिवार, २९ सप्टेंबर

चटईची उजवी बाजू ओली. हात लावला. थंड.

पलीकडच्या खोलीतल्या नव्या मुलीचा डबा आज भरलेलाच परत गेला. मावशी ओरडत होत्या— तुमाला काय झालंय गं सगळ्यांना—

नवीन मुलगी. तीही उपाशी, कहकशां तिच्याशेजारी जाईल. मला आधी का नाही कळलं.

रविवार, ३० सप्टेंबर

भूकंपाला आज पंचवीस वर्षं झाली. मावशी आणि मलप्पा पहाटेच गावाला गेले, तिथे स्मृतिस्तंभावर फुलं वाहतात. मुली चाचणी परीक्षेला. नवी मुलगी तेवढी खोलीत आहे, डोकं दुखतं म्हणाली. मावशींनी माझं ताट झाकून ठेवलं होतं. उद्या दवाखान्यात मी सोबत येते, असंही म्हणून गेल्या. ताट गल्लीतल्या कुत्र्याला घातलं.

चटईवर बसले. डोळे मिटून, उघडून— आहे. कहकशां आहे. निळा कुर्ता. गुडघे पोटाशी. हाक मारली. दोनदा. ती माझ्याकडे बघत नाही. पाठमोरी आहे. दाराकडे बघते. पलीकडच्या खोलीत ती मुलगी खोकली तेव्हा हिने मान—

आता उठायला लागली.

नाही.

उठले. दार लोटलं. कडी घातली. ती पलीकडे जायला नको. खिडकीचा खटका बसत नव्हता, तोही जोर लावून—