सकर आणि मातीतला कोनाडा

अप्पा, आज नदीवर जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेले नाही. सेलूला येताना बंधाऱ्यापाशी थांबले. पाणी पार उतरलेलं, आणि उघड्या पडलेल्या मातीच्या काठाला भोकंच भोकं, कोपरापर्यंत हात जाईल अशी. एक भोई त्यांतून मासे ओढून काठावर फेकत होते. काळे, खरखरीत, खालच्या बाजूला तोंड असलेले. आपल्या टाकीच्या काचेला चिकटून असायचे तेच सकर.

"ताई, हात नगा घालू, काटा लय वंगाळ हाय. कुन्या हौशानं सोडले नदीत, आता आमची जाळी फाडायलेत." मग एका भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आत नर हाय. बायको अंडी टाकून गेली, ह्यो बसलाय राखत. आमच्यातला एक गडी दाखवा असा!"

मला हसू आलं नाही. आपल्या अडत दुकानात गादीमागे असायची ती मोठी टाकी डोळ्यांपुढे आली. आई म्हणायची, "गळ्यात लिंग अन् दुकानात मासे?" तुम्ही म्हणायचात, "खायला न्हाईत गं, बघायला." त्या जोडीला पिल्लं व्हावीत म्हणून तुम्ही खापराचा पाइप ठेवलात, आडोसा केलात, गार पाणी घालून पाहिलंत. गिऱ्हाईकं विचारायची, "मालक, सुईण बोलावू का?" की तुम्ही टाकी आणखी घासायचात. तळाशी मातीचा कण दिसला तरी मला रागवायचात, "या घाणीनंच होत न्हाई त्यांना." दोघंही त्या स्वच्छ पाण्यात म्हातारे होऊन मेले. त्यांना उकरायला काठ हवा होता, अप्पा. कदाचित आणखीही काही हवं असेल; पण माती आपल्या कुणाच्या मनातच आली नाही.

आणि भोकात वाकून बघताना तुमची समाधी आठवली. आपल्या लिंगायत रीतीनं खड्ड्याच्या बाजूला कोरलेला कोनाडा, त्यात तुम्हाला बसवलेलं, कपाळावर विभूती.

हे मासे नदीची नासाडी करतात, भोयांच्या पोटावर येतात, ते काढायलाच हवेत, मला कळतं. हे पान कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. निघताना त्यांनी विचारलं, "तिकडं अजून एखादं भोक दिसायलंय का, ताई?" माझ्या पायाशीच एक होतं. आत काहीतरी हललंही. मी नाही म्हणाले.