कार्डावरचा हुद्दा

चंदीगड, मंगळवार, नोव्हेंबर १९८८

अंगात त्राण नाही, पण हे लिहून टाकलं नाही तर डोक्यातून जायचं नाही.

घरमालक हरबन्ससिंगजी सहा वर्षं मला डॉक्टरसाब म्हणतात. मी हॉस्पिटलात रक्त तपासणारा लॅब टेक्निशियन. पहिल्या दिवशी सांगायचं राहून गेलं. छे, राहून कसलं जातंय? ऐकायला बरं वाटत होतं, म्हणून नाही सांगितलं.

संध्याकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सेक्टर बावीसला परत येत होतो. अतिरेक्यांच्या भीतीने हल्ली जागोजागी तपासणी; नाक्यावर पोलिसांनी अडवलं. शिपायाने माझं हॉस्पिटलचं ओळखपत्राचं कार्ड घेतलं आणि मोठ्यांदा वाचलं, "लॅब टेक्निशियन." माझे कान तापले. मागे वळून बघायची छाती होईना. एवढी कसली लाज? चोरी केली होती का मी?

मग त्यांची पाळी. पस्तीस वर्षं मास्तरकी करून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला माणूस. प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं शाळेचं कार्ड त्यांनी पुढे केलं. शिपायाने ते हातातसुद्धा घेतलं नाही. पगडीकडे बघितलं, हात वर करायला लावले आणि बगलेपासून घोट्यापर्यंत चाचपलं. वर केलेल्या हातात ते कार्ड तसंच.

घरी पोचल्यावर जिन्यापाशी मी कसंबसं म्हटलं, "माफ करना जी, मैं डॉक्टर नहीं हूँ."

कार्ड अजून त्यांच्या हातातच होतं.

"पता है," ते म्हणाले. "आपका कार्ड पढ़ा तो सही, डॉक्टरसाब."