तिथे देवकाबाईचं घर नाही

आसगाव, ता. पवनी
१८ ऑगस्ट २०२५, श्रावणातला सोमवार

आदरणीय इवाई दादाजी यांस आसगावच्या खेमराजचा रामराम.

चंद्रभागाबाईंना माझा आणि जानकीचा नमस्कार सांगा. तुमचा डावा कान आता कसा आहे? आमचं इकडे बरं आहे. पाऊस यंदा रुसत-हसत आला, पण शेतातली बोडी काठोकाठ भरली आणि बांध्यांत धान असं हिरवंगार उभं आहे की सकाळी धुऱ्यावर गेलो म्हणजे शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात. आमचे गुरुजी टेबलावर छडी आपटून ताल धरायचे आणि अख्खा वर्ग डोलायचा. परवा तसाच डोलत उभा होतो, तर जानकी मागून म्हणाली, "कवितेनं निंदण होते का जी?" होत नाही. मी खाली वाकून तण उपटू लागलो.

फोन असताना आज पुन्हा पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन केला आणि तृप्तीचं नाव काढलं की तुम्ही धानाचा भाव विचारता, नाहीतर तुमची रेंज जाते. कारध्याला तुमच्या घरी येऊन बोलावं, तर तुम्ही वयानं मोठे, तुमच्यासमोर माझी जीभ वळत नाही. कागद बरा. कागदाला मध्येच थांबवता येत नाही. विनंती एवढीच की हे चंद्रभागाबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा.

तुमचा कैलाश मागच्या आठवड्यात तुमचा निरोप घेऊन आला. म्हणाला, "बाबा म्हणतात, तृप्तीच्या बाळंतपणाले मेलबर्नले तुमीच जा. लेकीच्या घरी आमचं राहणं होत नाही."

मी विचारलं, "आन् आई?"

"आई एकटी इमानात कशी बसन जी?"

पोरगा मान खाली घालून चहा पीत राहिला. त्याला निरोप पटलेला दिसला नाही.

दादाजी, तुमचा नेम मला ठाऊक आहे. अश्विन-तृप्तीच्या लग्नाला, म्हणजे आपण व्याही झालो त्याला, सात वर्षं होतील. या काळात तुम्ही किती वेळा आसगावला आलात, पण आमच्या घरचा पाण्याचा पेला तोंडाला लावला नाही. आधी शेजारी देवकाबाईकडे जायचं, तिथे पाणी प्यायचं, मग आमच्या छपरीत येऊन बसायचं. शिदोरी तुमची तुमच्यासोबत. देवकाबाई अजून जानकीला चिडवते, "इवाई तुमचा आन् पाहुणचार माया घरी!" टीना झाली तेव्हा मी म्हटलं, आता नातवंड झालं, आता तरी घ्या. तुम्ही म्हणालात, "नातू होऊ द्या जी, मंग पिऊ." सगळे हसले. मीही हसलो. तृप्ती हसली की नाही, ते मी पाहिलं नाही.

असो. आम्ही मेलबर्नला गेलो होतो, ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं.

गाव सुंदर आहे. सगळी घरं सारखी, जणू एकाच लेकरानं एकाच चित्रकलेच्या वहीत काढलेली. आपल्याकडे वैशाख पेटलेला आणि तिथे झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळत होती. सकाळी सातला अश्विन कामाला जायचा. तृप्ती त्याच्याही आधी उठून आमचा भात, वरण, भाजी करून ठेवायची, टीनाला शाळेत सोडायची आणि तशीच पुढे दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. पोटात तीन महिन्यांचं बाळ. जानकी म्हणायची, "बाई, सैपाक मी करतो, तू पडून राय." की तृप्ती लगेच, "नाही आई, तुम्ही पाहुण्या आहात. मले काही होत नाही." जानकी शेगडीजवळ गेली तरी ती बटणांची शेगडी जानकीला पेटता पेटत नसे. दोघी हसायच्या आणि उलथनं पुन्हा तृप्तीच्या हातात.

टीनाला दुपारी शाळेतून आणलं की मी तिला कविता शिकवायचो. शाळेतल्या तिला कळेनात, म्हणून एक मीच जुळवली:

बगळेदादा, बगळेदादा, पाय कुठे हो दुसरा?
चिखलामध्ये रोवून आलो, उगवू द्या ना जरा!

ती एका पायावर उभी राहून म्हणायची आणि धपकन पडायची. तिथल्या तळ्यावर गेलो की बदकांनाही विचारायची, पाय कुठे हो दुसरा.

संध्याकाळी आम्ही दोघं खिडकीशी बसायचो. अंधार लवकर पडायचा. तृप्तीची गाडी दारासमोर येऊन थांबायची, दिवे विझायचे, पण ती खाली उतरायची नाही. बराच वेळ. मला वाटायचं, गाणं ऐकत असेल. पोरीला आपल्यासारखीच आवड दिसते, म्हणून मी मनात खूश. अर्धं गाणं सोडून घरात यायला जीव होत नसेल, अशी कल्पनाही मी करून घेतली. एक दिवस जानकीलाही सांगितलं, तर ती म्हणाली, "तुमाले जिथं तिथं गाणंच दिसते."

आणि एका संध्याकाळी टीना सहज म्हणाली, "आबाजी, आई झोपली."

"कुठं झोपली? गाडी तर आत्ता आली."

"गाडीत. रोज झोपते. मला पण सांगितलं आहे, आबाजी-आजीला सांगायचं नाही."

मी चपला न घालताच बाहेर गेलो. काचेतून पाहिलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात, हातांवर डोकं, तोंड जरासं उघडं. लहान लेकरासारखी गाढ झोपली होती. मी काच वाजवली नाही. परत येऊन खिडकीशी बसलो आणि टीनाला म्हटलं, आपण हळू बोलू.

दादाजी, तुमच्या घरात काय शिकवलं ते मला त्या दिवशी कळलं. सासू-सासरे घरात असताना सून दिवेलागणीला आडवी होत नाही. आम्ही तिला कधी असं सांगितलं नव्हतं. उलट रोज म्हणायचो, पड, पड. पण आमच्या म्हणण्यानं ती पडणार नव्हती. तिच्या अंगातच ते नाही. आमच्यासाठी घर, आणि तिला झोपायला गाडी. मेलबर्नमध्ये आम्ही तिला मदत करायला गेलो होतो.

आम्ही जूनमध्येच परत आलो. तुम्ही विचारलंत, इतक्या लवकर का? मी म्हटलं, धानाच्या रोवणीचा टाइम आला. रोवणी मनीष करतोच, माझ्या भावाचा मुलगा. मी धुऱ्यावर उभा राहून त्याला फक्त सूचना देतो. तृप्तीला खरं कारण कळू दिलं नाही. कळलं असतं तर ती दिवसभर उभीच राहिली असती.

टीनाच्या वेळी तृप्ती तुमच्या तेव्हाच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये होती. मी पाहायला आलो तेव्हा भरदुपारी ती दाराकडे पाठ करून झोपलेली होती. चंद्रभागाबाई घाईनं तिला उठवायला गेल्या, "तुया सासरा आला." तर तिनं झोपेतच हात झटकला. मीच म्हटलं, निजू द्या. ती झोप मला अजून आठवते. आईच्या घरची झोप होती ती, दादाजी. ती आम्ही नेऊन देऊ शकत नाही. विमानातून ती झोप फक्त तुमच्यासोबत जाईल.

मार्गशीर्षात बाळ येईल. अश्विनला सुट्टी जेमतेम. तुम्ही म्हणता, आमचं लेकीच्या घरी होत नाही. पण तिथे देवकाबाईचं घर नाही, की जाऊन आधी पाणी पिऊन याल. एक तर तिच्या हातचं पाणी प्यावं लागेल, नाहीतर जाताच येणार नाही. आणि नात झाली तर? सहा महिने तहानलेले बसाल काय जी? हे थट्टेनं लिहितो आहे, पण पूर्ण थट्टेनंही नाही. टीना आता चार वर्षांची आहे. कळायला लागेल तिला, आपल्यामुळे कोणी पाणी प्यायचं थांबलं होतं ते.

तुमच्या वडिलांनी नेम पाळला, कारण तेव्हा लेकीच्या घरावर भार पडू नये, हे होतं. चांगलीच गोष्ट होती. आता न जाण्याचा भार तिच्यावर पडतो आहे.

आता जे लिहायचं टाळत होतो तेही लिहितो. तृप्तीचा फोन आला होता. म्हणाली, "बाबा, तुम्हीच या ना. आमचे बाबा काही येत नाहीत." मागून टीना ओरडली, "आबाजी, कधी येता?" मी म्हटलं, गुडघे दुखून राहिले. गुडघ्यांना काही झालेलं नाही. कालच बोडीच्या पाळीवर चढून आलो. जायला माझा जीव तुटतो. जानकीनं टीनासाठी बोरांचा पाक करायचं ठरवलं होतं, मोसम यायच्या आधीच बरण्या धुऊन ठेवल्या. तिला मी अजून सांगितलेलं नाही की आपण जाणार नाही. हे पत्र टाकून आल्यावर सांगीन.

तुमचे पासपोर्ट कैलाशनं मागेच काढून ठेवले आहेत. अश्विनला मी तिकिटं तुम्हा दोघांच्या नावानं काढायला सांगितली. तुम्हाला न विचारता सांगितली. रागवायचं तर माझ्यावर रागवा, आसगावला येऊन रागवा.

तिथे गेल्यावर स्वयंपाक चंद्रभागाबाईंना करू द्या. ती शेगडी कशी पेटते ते टीना शिकवेल. तुम्ही टीनाला घेऊन तळ्यावर जात जा. घर शांत राहू द्या.

आणि बाळ झालं की मला फोन तुम्हीच करा. मुलगा की मुलगी, ते मागाहून सांगा. आधी एवढंच सांगा, तृप्ती झोपली आहे का.

आजवर प्रत्येक पत्राखाली 'आपला इवाई' लिहीत आलो. आज नाही.

तुमच्या तृप्तीचा सासरा,
खेमराज