इंद्राच्या धुराचे पाच का

सांगवी,
मंगळवार

तीर्थरूप अर्जुनदादांस,
सदाशिवचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि उचललात तर "बरं आहे" एवढं बोलून ठेवता, म्हणून हे पत्र. गुडघा कसा आहे? दोन्ही वेळा ताजं जेवता, की सकाळचीच खिचडी रात्री गरम करता? (हे मृदुलाने विचारायला सांगितलेलं नाही. तिला या पत्राचा पत्ताच नाही, आणि तुम्हीही तो लागू देऊ नका.) देहूहून सांगवीला यायला तास लागत नाही, पण वहिनी गेल्यापासून दोन वर्षांत तुम्ही तेवढंही अंतर चालून आला नाहीत, याबद्दल मी काही म्हणत नाही. इकडे सर्व खुशाल. फक्त धूर येत नाही.

धूर म्हणजे स्टेजवरचा. येत्या रविवारी आमच्या सोसायटीचं स्नेहसंमेलन आहे आणि महिला मंडळाच्या नाटकात तुमची बहीण चक्क इंद्र झाली आहे, मिशीसकट. सोसायटीत पाणी येत नाही, म्हणून पावसाचा मुख्य अधिकारी या नात्याने इंद्राला सर्वसाधारण सभेत जाब विचारतात, असं ते नाटक. (आमच्या घरात हे पद तिच्याकडे तेहतीस वर्षं आहेच. जाब विचारायची हिंमत मात्र आजवर कोणाची झाली नाही.) पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी स्टेजवर जायचं म्हणजे अटी आल्याच. तिने मंडळाच्या सेक्रेटरीला, म्हणजे शेजारच्या अपेक्षाला, पहिल्याच दिवशी बजावलं की इंद्र ढगातून येणार असेल तरच मी इंद्र. समोरची माणसं दिसली की माझी वाक्यं पळून जातात, धुरात कोणी दिसत नाही. अपेक्षा बिचारी धूर सोडणारं यंत्र घेऊन आली. पहिल्या दोन तालमींना धूर झकास आला, आणि इंद्राने सेक्रेटरीसकट सगळ्यांना फैलावर घेतलं. मग यंत्र आमच्याकडे मुक्कामाला आलं (क्वालिटी इन्स्पेक्टर निवृत्त झाला की सोसायटीतली सगळी यंत्रं त्याच्याकडे माहेरपणाला येतात), आणि शनिवारी ते तापेना.

या यंत्रात एक हीटर असतो. तो चांगला तापला की छोटा पंप गोडसर वासाचं पाणी त्याच्यावर ढकलतो आणि ढग तयार होतो. तापल्यावर हिरवा दिवा लागतो. आमचा लाल दिवा लागला आणि अर्धा तास मी हिरव्याची वाट पाहत बसलो. शेवटी यंत्राच्या अंगाला हात लावून पाहिला, तर माठासारखं गार.

आता तुम्हाला ठाऊक आहे की चाकणच्या कंपनीत मी आयुष्य घालवलं ते एका प्रश्नावर. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या 'का'ला मूळ सापडतं. कारखान्यात या प्रकाराला आम्ही का-का म्हणायचो. मी वही काढली. धूर येत नाही, का? यंत्र तापत नाही म्हणून. तापत नाही, का? इथे मी घरातला प्रत्येक प्लग बदलून पाहिला, मग वायर काढून यंत्र उघडलं. आठ स्क्रू ताटलीत नीट ठेवले. (सातच परत मिळाले. आठवा दुपारी मोहरीच्या डब्यात सापडला, त्याआधी फोडणीत शोधून झाला होता.) मीटर लावला, हीटर ठणठणीत. म्हणजे वीज त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. पोचत नाही, का? तेव्हा मृदुला स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळपासून कावळ्यासारखं का-का काय लावलंय? पाहुणा येईल कोणी." आणि असं म्हणून तिने दाराकडे पाहिलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

हीटरच्या वाटेवर शेंगदाण्याएवढा थर्मल फ्यूज असतो. यंत्र फाजील तापलं तर तो स्वतः जळतो आणि वीज तोडतो. मला वाटलं जळला असेल, नवा आणू. पण तो जळला नव्हता. तो तिथे नव्हताच. त्याच्या जागी तारेची दोन मोकळी टोकं होती, आणि दोन्ही टेपने गुंडाळलेली. दादा, ती टेप मी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तिरकी, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवलेला, आणि शेवटचं टोक जरासं दुमडून ठेवलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला नखाने सोडवता यावं. चाकणच्या आधी भोसरीच्या कंपनीत असताना ही टेप माझ्या टेबलावर रोज यायची. वायरिंगच्या लाइनवरची एक मुलगी अशी गुंडाळायची. दोन वर्षांत तिच्या एकाही बंडलावर मला रिजेक्टचा लाल शिक्का मारता आला नाही, तेव्हा निरुपाय होऊन मी तुमच्या दारात मागणी घालायला आलो होतो.

फ्यूज जागेवर नाही, का? तो तिच्या बटणांच्या डबीत होता, कागदाच्या पुडीत. चार 'का' झाले. पाचवा मी वहीत लिहिला नाही. बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

आपला,
सदाशिव

ता. क. पाचवा मी तिलाच विचारला. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, सहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगला मी वाक्य विसरले होते. लोक हसायला लागले. दादा पहिल्या रांगेत होता, त्याने आवाज न करता नुसते ओठ हलवून वाक्य सांगितलं, मी ते वाचून म्हटलं. "दादा आला तर धुरात त्याचे ओठ कसे दिसतील मला?" मी म्हटलं, मग बोलाव की त्याला. तर म्हणे, "मी हट्ट केला तर तो मन मारून येईल. म्हणून नाही करणार. नाही आला तर तुम्ही फ्यूज बसवा. मग मला समोर कोणीच दिसायला नको."

आ. ता. क. हट्ट करायला तिने स्वतःला मनाई केली आहे, मला नाही. सोबत इंद्राची सगळी वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून पाठवतोय, चार पानं आहेत. पाठ करून ठेवा. तिसऱ्या पानावर टँकरच्या वाक्याला ती हमखास अडखळते, तिथे ओठ जरा मोठे हलवा. रविवारी तीन वाजता मी गाडी घेऊन दारात येतो. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर आत्ताच टॉवेल टाकून ठेवलाय.

आणखी एक. आमच्या घरात पाच वेळा का-का झालं आहे, आणि फ्यूज अजून डबीतच आहे.