रबरी मासा

रविवार, संध्याकाळ

आज आप्पांना केदारखेड्याच्या ओढ्यावर नेलं. लकव्यानंतर त्यांचा उजवा हात उठत नाही. गळाला गांडूळ लावता येत नाही, आणि दुसऱ्याकडून लावून घेणार नाहीत. शर्टाचं बटणसुद्धा मला लावू देत नाहीत. म्हणून गळ आतच बसवलेला, आमिषाचा रबरी मासा आणला. त्याची शेपटी पाण्यात थरथरते. गढूळ पाण्यात मागूर मासा त्या थरथरीवरच येतो. वजन डाव्या हातानं फेकता येईल एवढंच.

"मागूर काय येडा हाय का, रबर खायला?"

"फेका तर, आप्पा."

"कामाला तू लोखंडाच्या कारखान्यात, अन् बापाला रबर इकून राह्यली."

बराच वेळ फेकत, ओढत राहिले. शेपटी चुकीची निवडली का? तेवढ्यात दोरी ताणली. दोरी पायाखाली दाबत, एका हातानं त्यांनी मागूर काठावर घेतला. चांगला हातभर. तो चिखलात तडफडत होता आणि आप्पा नुसते बघत होते. त्याचे काटे बोचतात. गळ सोडवायला दोन हात लागतात.

"माय, काढ आता," माझ्याकडे न बघता म्हणाले.

काढला.

शेपटी, वजन, रंग, सगळं तपासलं होतं. मासा लागल्यावर काय, हे नाही. म्हणजे त्यांना मासा लागेल, असं मी धरलंच नव्हतं.