जावयाचं नाव

प्रिय दामिनी,

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारीच बसतात. बोलत नाहीत, पण कान इकडेच. तू तिकडे स्पेनमध्ये आल्वारोशी परस्पर लग्न केलंस तेव्हापासून हा माणूस तुझं नाव काढत नाही. आणि भाषा मात्र तिकडचीच शिकतो आहे! मोबाईलवर एक स्पॅनिश शिकवणारी बाई सापडली आहे. अंगणात बसून तिच्याशी वाद घालतात. मी गेले की मोबाईल पालथा.

आंधळगावात कुणाच्याही पोरीचं लग्न निघालं की घराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं आणि तारीख रंगवायला यांनाच बोलावणं येतं. इंग्रजी म्हटलं की यांची सगळी अक्षरं कॅपिटल, गावातल्या कमलेशच्या ट्रॅक्टरवर यांनी रंगवलेलं नाव त्याला साक्षी आहे. स्पॅनिशमध्ये म्हणे वार, महिने, भाषेचं नावसुद्धा लहान अक्षरानं सुरू होतं. परवा जेवताना म्हणाले, "त्या लोकायनं महिन्याले लहान ठेवलं अन् मानसाच्या नावाले मोठं. शहाने दिसतेत." मी म्हटलं, मंग त्या मानसाचं नाव एकडाव तोंडातून काढा ना. तर ताटावरून उठले. माझी जीभ अशीच, तुला माहीत आहे. पण वाईट वाटलं. गावभर पोरींची नावं रंगवली, आपलीच भिंत कोरी राहिली, हे त्यांना फार लागलं आहे गं.

रविवारी मी लाखनीहून, मामाकडून परतले तर दारापुढे शेजारणी गोळा झालेल्या. भिंतीला पिवळा रंग, त्यावर लाल अक्षरं. 'दामिनी संग' एवढं मराठीत आणि पुढे आल्वारोचं नाव त्याच्या भाषेत. पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. मोठ्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. चंद्रभागाबाईंना वाटलं रंगाचा शिंतोडा उडाला. तर हे शिडीवरूनच म्हणाले, "कॅपिटल असलं तरी ते रेघ सोडाची नसते. जावयाचं नाव अर्धं लिहू काय?"

जावई म्हणाले, दामिनी. सगळ्यांसमोर. मी आत जाऊन पोटभर रडून घेतलं.

खाली तारखेची जागा सोडली आहे. नावांवर रंगाचा दुसरा हात फिरवून झाला, पण लाल रंगाचा डबा अजून दारातच आहे, उचलू देत नाहीत. रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कवा येतेत ते दोघं, विचारून घे. महिना लहान अक्षरानंच लिहीन म्हना." तेवढं विचारायलाच लिहिते आहे. तारीख कळव, पण मला नको. या वेळी फोन त्यांना कर.

तुझीच,
आई