डावी मुरड

नोएडा,
रविवार, १९ जानेवारी १९९७

प्रिय गिरिजाताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र आठवड्यापूर्वी पोचलं. आम्ही ठीक आहोत. अकरा वाजले तरी धुक्यात समोरची बिल्डिंग दिसत नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या, पण माणसं होती. इथे तीन बाल्कन्या आणि एकीतूनही कुणी दिसत नाही. राजीव मात्र खूश आहे, स्वतःचा फ्लॅट ना!

तू लिहिलंस, ‘आई तुझ्या हातचे खिम्याचे कानवले खाऊन तृप्त होऊन गेली, एवढाच मला आधार आहे.’ ते वाचून मी पत्र साखरेच्या डब्याखाली सारलं.

कानवले मी दर रविवारी करते. आयएनए मार्केटमधून खिमा आणते, अगदी कोरडा परतते. आपल्या घरात मुरडीवरून माणूस ओळखू यायचा, आठवतं? तुझी जाडजूड, गोधडी शिवल्यासारखी (रागावू नकोस). माझी बारीक. आई डावरी, म्हणून तिची उलटी वळायची.

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ओल्या फडक्याखाली एक डाव्या मुरडीचा कानवला निघाला. घरात मी एकटी होते. वाटलं, माझ्याच हातून झाला असेल. डाव्या हाताने मुरड घालून पाहिली, तर पारी फाटली. तेव्हापासून दर रविवारी एक निघतो. मी घाबरून तो तसाच टाकून द्यायचे.

गेल्या खेपेला निहार म्हणाला, “मम्मा, ये वाला उलटा क्यों है? मला हाच पाहिजे.” मी तो त्याच्या हातातून हिसकावला. पोरगं रडलं. कानवला हलका लागला म्हणून मोडला. ताई, आत काहीच नव्हतं. खिम्याचा कणही नाही.

आज मी ओट्यापासून हलले नाही. फडक्यावरची नजर काढली नाही. तरी निघालाच. रिकामा.

आता खरं लिहिते. आईने कानवले खाल्लेच नाहीत. मंगळवारी तिने मागितले, मी म्हटलं, रविवारी करते, ऑफिसातून यायलाच आठ वाजतात. बुधवारी पुन्हा म्हणाली, “कुमुद, एकच कर गं.” मी खेकसले, “इथे सगळे शाकाहारी आहेत आई, वास जातो.” साफ खोटं. शेजारच्या चड्ढांकडे रोज चिकन शिजतं. ती “बरं” म्हणाली. शुक्रवारी गेली. तू फोनवर विचारलंस, काही खावंसं वाटलं का गं तिला? मी म्हटलं, कानवले खाल्ले, दोन. दोन! थाप मारताना आकडासुद्धा घातला.

आई उपाशी गेली, ताई. तुझा आधार काढून घेतेय, मला माहीत आहे. शिव्या दे, पण ये. मी पाऱ्या लाटून ठेवीन, सारण तू भर. माझ्या हातचं तिला पोचत नाही.

हे लिहायला बसताना ओट्यावर एक पारी मुद्दाम उघडी ठेवली होती, शेजारी वाटीभर खिमा. आत्ताच उठून पाहिलं. वाटी तशीच भरलेली आहे. पारी मिटली आहे.

तुझी खोटारडी,
कुमुद